ख्रिस्ती विश्वास आणि घरच्या चालीरीती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न ठरलेली तरुण मुले, घराण्यात पहिल्यांदाच ख्रिस्तावर विश्वास ठेवणारी माणसे आणि तीन-चार पिढ्यांपासून मंडळीत असूनही घरातल्या जुन्या रीतींसमोर अडखळणारे आईबाप हे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात. उत्तरे पवित्र शास्त्राच्या आधाराने दिली आहेत. जिथे शास्त्र स्पष्ट बोलत नाही, तिथे माझे मत हे माझे मत म्हणूनच सांगितले आहे.

प्रथेला नकार देणे म्हणजे मराठी संस्कृतीलाच नकार देणे आहे का?

नाही, आणि मराठी ख्रिस्ती इतिहास याची साक्ष देतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेले क्रिस्तपुराण ओवीत आहे. अहमदनगरला दीर्घकाळ सेवा केलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांनी अभंग, कीर्तन आणि टाळ मागे टाकले नाहीत. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधील वॉन्टेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही, आणि गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नसावीत, असा प्रश्न तिथल्या मठातल्या भगिनींनाच केला. या तिघांपैकी कोणीही संस्कृती आणि उपासना यांची गल्लत केली नाही. भाषा, गाणे, लुगडे, पुरणपोळी, ओवी ही देवाने दिलेल्या जीवनाची सामग्री आहे, आणि ती घेऊनच आपण त्याच्यासमोर उभे राहतो.

मग नेमका कशाला नकार द्यायचा, हे ठरवायचे कसे?

प्रत्येक प्रथेला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, या कृतीत उपासना कोणाची होते? दुसरा, या प्रथेमुळे कोण भरडले जाते, कोणाची मान खाली घातली जाते? पहिल्यामागे दहा आज्ञांपैकी पहिल्या दोन आज्ञा उभ्या आहेत, तर दुसऱ्यामागे संदेष्ट्यांची वचने, शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आणि याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय.

आपल्याकडे मात्र बहुधा तिसराच प्रश्न विचारला जातो : ‘हे हिंदूंसारखे दिसते का?’ हा प्रश्न चुकीचा आहे, आणि त्याने किती नुकसान होऊ शकते ते गोव्यात दिसले. इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या तिथल्या धर्मन्यायालयाने, १७३६ साली काढलेल्या फर्मानात लग्नातली गाणी, हळद, विड्याची पाने, दारातली तुळस अशा कितीतरी गोष्टींवर ख्रिस्ती घरांसाठी बंदी घातली होती. त्यातल्या काही गोष्टींचा पूजेशी संबंध होता, पुष्कळांचा नव्हता. शिवाय सगळे शिक्षेच्या धाकाने लादलेले होते. त्याच गोव्यात ख्रिस्ती झालेल्या घरांमधून बामण आणि चारडो हे जातिभेद मात्र टिकून राहिले. दिसणाऱ्या वस्तू हटवल्या गेल्या आणि माणसाला माणसापासून तोडणारी गोष्ट तशीच राहिली. हा उलटा क्रम आपल्या मंडळ्यांतही आहे आणि मला त्याचे फार दुःख होते, म्हणून या पानावर टिकलीपेक्षा हुंड्याविषयी आणि जातीविषयी अधिक लिहिले आहे.

शेजाऱ्यांनी दिलेला प्रसाद घ्यावा का?

पौलाच्या काळी करिंथमध्ये हाच प्रश्न होता, आणि मराठी पवित्र शास्त्रात १ करिंथ ८ मध्ये त्यासाठी ‘नैवेद्य’ हाच शब्द आला आहे. देवळात बळी दिलेल्या पशूंचे मांस बाजारात विकायला येई आणि यजमानाच्या ताटातही वाढले जाई. पौलाने सरसकट हो म्हटले नाही आणि सरसकट नाहीही म्हटले नाही. देवळातल्या मेजावर, उपासनेचा भाग म्हणून, खाण्यास त्याने स्पष्ट मनाई केली (१ करिंथ १०:२०-२१). बाजारात मिळणारे अन्न विवेकबुद्धीसाठी चौकशी न करता खावे, असे सांगितले. कोणाच्या घरी पाहुणे म्हणून गेलात तर समोर येईल ते खावे, पण ‘हे नैवेद्याचे आहे’ असे कोणी मुद्दाम सांगितले तर, त्या सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी, खाऊ नये, असेही सांगितले.

आपल्या घरांना हे लागू करायचे तर दिवाळीचा फराळ, संक्रांतीचा तिळगूळ, ईदचा शीरखुर्मा हे शेजाराचे प्रेम आहे. ते आनंदाने घ्यावे आणि नाताळात करंज्या देऊन परत करावे. ‘हा बाप्पाचा प्रसाद आहे’ असे म्हणून कोणी हातावर मोदक ठेवला, तर माझे मत असे की, नम्रपणे आणि त्याच क्षणी सांगावे : ‘काकू, तुमच्याकडे जेवायला मी कधीही येईन, पण प्रसाद घेत नाही, राग मानू नका.’ हसून घ्यायचा आणि घरी येऊन कचऱ्यात टाकायचा, ही रीत मी अनेक ख्रिस्ती घरांत पाहिली आहे. त्यात शेजाऱ्याचा अपमान आहे, अन्नाचा अपमान आहे आणि खोटेपणाही आहे. ज्यांची विवेकबुद्धी या बाबतीत वेगळे सांगते, त्यांचा रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायाप्रमाणे मान ठेवावा. मात्र नुकतेच मूर्तिपूजा सोडून आलेले कोणी आपल्यासोबत असेल, तर त्याच्यासाठी आपले स्वातंत्र्य बाजूला ठेवावे.

घरात मी एकटाच विश्वासणारा आहे. कुलदैवताच्या पूजेला, जागरण-गोंधळाला, वडिलांच्या अंत्यविधीला मी काय करावे?

सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे, कारण इथे समोर शेजारी नसून आई असते. ‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’ ही पाचवी आज्ञा आहे, आणि देवाच्या नावाखाली आईबापांना टाकणाऱ्यांना येशूने कठोर शब्दांत झापले आहे : जे आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’ म्हणून देवाला अर्पण केले, असे सांगून हात झटकणाऱ्यांविषयी मार्क ७:९-१३ वाचावे. त्याच येशूने असेही म्हटले आहे की, जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही (मत्तय १०:३७). ही दोन्ही वचने एकाच वेळी पाळायची आहेत, आणि एक पाळण्यासाठी दुसरे सोडून देता येणार नाही.

अरामी सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा होऊन इस्राएलाच्या देवाकडे वळल्यावर म्हणाला की, माझा धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात नमन करतो तेव्हा मलाही वाकावे लागेल, त्याची मला क्षमा व्हावी. आणि अलीशा संदेष्टा त्याला म्हणाला, ‘शांतीने जा’ (२ राजे ५:१८-१९). या वचनाचा आधार घेऊन काही जण आरतीलाही उभे राहतात. मला ते पटत नाही. नामान आपल्या मनाने नमन करणार नव्हता, आणि त्याने ते लपवलेही नव्हते. पण या कथेत एक गोष्ट नक्की आहे : नव्या विश्वासणाऱ्याच्या अडचणीकडे संदेष्ट्याने कनवाळूपणे पाहिले. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तेवढे तरी शिकावे.

प्रत्यक्षात असे करता येते. गोंधळाच्या दिवशी घरी राहावे, पाहुण्यांचे पाणी, जेवणखाण, मंडपाचे काम, खर्चाचा आपला वाटा हे सगळे उचलावे. पूजेला बसू नये, आणि का बसत नाही हे त्या दिवशी ऐनवेळी नव्हे तर आठ-पंधरा दिवस आधी आईवडिलांना एकांतात सांगावे. वडील वारले तर खांदा द्यावा. दहन हे काही मूर्तिपूजन नाही, त्यामुळे चितेला अग्नी देण्यात मला स्वतःला अडचण दिसत नाही, जरी काही पाळकांचे मत वेगळे आहे. पिंडदान मात्र करू नये, कारण ती मृताला उद्देशून केलेली अर्पणविधी आहे. ते धाकट्या भावाने करू द्यावे. पण तेरा दिवस घर सोडू नये. लोक पाहतात ते इतकेच की, दहाव्याला पिंड न करणारा मुलगा पुढच्या दहा वर्षांत आईच्या औषधांना, तिच्या मोतीबिंदूला, तिच्या एकटेपणाला उभा राहतो की नाही.

कुंकू, टिकली, मंगळसूत्र, हळद यांचे काय?

यांविषयी शास्त्रात आज्ञा नाही. पुष्कळ मराठी ख्रिस्ती स्त्रिया क्रूस असलेले मंगळसूत्र घालतात, काही घालत नाहीत. दोघीही प्रभूच्याच आहेत. हळद त्वचेला लावायची असेल तर लावावी. देवक बसवणे आणि कुलदैवताला पहिली हळद वाहणे ही उपासना आहे, ती करू नये. याहून जास्त वाद या विषयावर घालू नये.

मुहूर्त पाहणे, पत्रिका जुळवणे यात काय बिघडते?

अनुवाद १८:१०-१२ मध्ये शकुन-मुहूर्त पाहण्याला स्पष्ट मनाई आहे, आणि यिर्मया १०:२ सांगते की आकाशातल्या चिन्हांनी राष्ट्रे घाबरतात, तुम्ही घाबरू नका. मंगळाच्या नावाखाली कितीतरी मुली नाकारल्या गेल्या आहेत. म्हणजे इथे दुसरा प्रश्नही लागू होतो. तेरा आकड्याला किंवा अमावास्येला घाबरणारी ख्रिस्ती माणसेही आहेत, त्यांच्यासाठीही हेच उत्तर आहे. हॉलची तारीख सर्वांच्या सुट्टीनुसार ठरवावी.

हुंडा तर सगळेच घेतात. ख्रिस्ती घरांत त्याला ‘भेट’ म्हणतात. हे चालते का?

चालत नाही. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा घेणे आणि देणे हे दोन्ही गुन्हे आहेत, आणि हा कायदा सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. साधारणपणे किमान पाच वर्षे कैद आणि किमान १५,००० रुपये किंवा हुंड्याच्या किमतीइतका, जो अधिक असेल तो, दंड अशी शिक्षा त्यात आहे. पण कायदा नसता तरीही आपल्याला हे सांगायला पवित्र शास्त्र पुरेसे होते. उत्पत्ती १:२७ मध्ये नर आणि नारी ही दोन्ही देवाच्या प्रतिरूपाची आहेत. ज्या व्यवहारात देवाचे प्रतिरूप असलेल्या एका मुलीच्या बापाला कर्ज काढावे लागते, शेत गहाण टाकावे लागते आणि वर तिला सासरी त्याचा हिशेब ऐकावा लागतो, तो व्यवहार वेदीसमोर प्रार्थनेने सुरू केल्यामुळे पवित्र होत नाही.

सांगली-मिरजेकडची असोत की नगर, जालन्याकडची, ख्रिस्ती घरांत रोख रक्कम मागण्याची लाज आता थोडी वाटते, म्हणून मागणीची भाषा बदलली आहे : ‘मुलाला गाडी हवी आहे’, ‘लग्न मुंबईत करा’, ‘आमच्याकडचे चारशे पाहुणे’, ‘मुलीच्या अंगावर तुम्ही काय घालाल ते तुमचे.’ लग्न मुलीकडच्यांनीच करून द्यायचे, हीसुद्धा मागणीच आहे. केरळात तर सीरियन ख्रिस्ती मुलींना १९१६ च्या त्रावणकोर ख्रिस्ती वारसा कायद्याने बापाच्या मालमत्तेत भावाच्या हिश्श्याच्या चौथाईपर्यंत किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळे, आणि स्त्रीधन दिले की वारसा संपला असे धरले जाई. मेरी रॉय यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १९८६ साली निकाल लागला की, त्यांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो, म्हणजे मुलीला मुलाइतकाच वाटा. त्या लढ्यात चर्चमधली वजनदार माणसे त्यांच्याविरुद्ध उभी होती, ही गोष्ट आपण विसरू नये. ईयोबाने आपल्या मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिले (ईयोब ४२:१५), हे सर्वांच्या पवित्र शास्त्रात छापलेले होतेच.

पाळकांना माझी विनंती आहे : लग्नाच्या घोषणा वाचण्यापूर्वी दोन्ही घरांना एकत्र बसवून विचारावे की खर्च कोण किती करणार आहे. हा प्रश्न विचारायला अवघड आहे. ‘याविरुद्ध कोणाची हरकत आहे काय’ हे आपण विचारतोच. तेवढ्याच गंभीरपणे हेही विचारता येते.

जात हा समाजाचा विषय आहे, विश्वासाचा नाही, असे म्हणणे बरोबर आहे का?

बरोबर नाही. अंत्युखियात पेत्र विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता; यरुशलेमहून माणसे आली तेव्हा त्यांच्या भीतीने तो पंक्तीतून मागे सरकला. पौलाने याला सामाजिक बाब म्हटले नाही. पेत्र ‘सुवार्तेच्या सत्याप्रमाणे नीट चालत नाही’ असे म्हणून त्याने सर्वांसमोर त्याला बोल लावला (गलती २:११-१४). पंक्तीचा प्रश्न आपल्याइतका दुसऱ्या कोणाला समजणार? कोणाबरोबर जेवतो आणि कोणाबरोबर जेवत नाही, यावर या देशात माणसाची लायकी ठरत आली आहे.

रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतरही काही वर्षे सोवळेओवळे काटेकोर पाळले. मग जात माणसाने केली आहे, देवाने नव्हे, अशी त्यांच्या मनाची खात्री पटली आणि स्वतः बाप्तिस्मा घेण्याच्या आधीच त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी घ्यायला सुरुवात केली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो : त्यांनी आधी शिवाशिव सोडली आणि मग पाण्यात उतरल्या.

त्या काळी नगर जिल्ह्यात मंडळीत आलेली बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतली होती. त्यांनी समतेसाठी आणि ख्रिस्तासाठी फार मोठी किंमत दिली, आणि आजही कायद्याच्या पातळीवर ती देत आहेत, कारण १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला, पण ख्रिस्ती दलितांचा झाला नाही. एवढे सोसलेल्या लोकांच्या मंडळ्यांत आज ‘आपल्यातलीच मुलगी पाहिजे’ असे कोणी म्हणते, तेव्हा ‘आपल्यातली’ म्हणजे कोण, हे सगळ्यांना माहीत असते. वसईत सामवेदी आणि वाडवळ, गोव्यात बामण आणि चारडो, आमच्याकडे कोणत्या वाड्यावरचे. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना लिहिले की, जात ठाम, ताबडतोब आणि कायमची सोडली पाहिजे; तेव्हा अनेक जण उपासना सोडून गेले, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. आपल्या मंडळीच्या वार्षिक सभेत आजही हा विषय काढला की लोक घड्याळाकडे पाहतात.

स्थळ पाहताना जात न विचारणे, मंडळीतला वडील निवडताना वाडा न पाहणे, आणि घरात ‘त्यांच्यातले’ हा शब्द मुलांसमोर न वापरणे, इथून सुरुवात करता येते. भिन्न जातींतल्या दोन विश्वासणाऱ्या मुलांनी लग्न ठरवले, तर मंडळीने त्यांच्या बाजूने उघडपणे उभे राहावे. नुसती प्रार्थना करून घरी जाऊ नये.

विधवांविषयीच्या रूढी ख्रिस्ती घरांत कशा आल्या?

शेजारातून आल्या आणि कोणी अडवल्या नाहीत. बाबा पदमनजी यांनी १८५७ साली विधवांच्या हालांवर ‘यमुनापर्यटन’ लिहिले, रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन ही संस्था उभी केली. ही आपलीच माणसे. तरीही ख्रिस्ती लग्नात विधवा आईने मुलीला हळद लावू नये असे सांगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. अनाथांची व विधवांची काळजी घेणे हाच निर्मळ धर्म, असे याकोब १:२७ सांगते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ साली ग्रामसभेत ठराव करून बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद केल्या. एका गावाला जे जमले ते मंडळीला का जमू नये?

नजर लागणे, देवऋषी, उतारा यांवर विश्वासणाऱ्याने काय करावे?

आजार असेल तर डॉक्टरकडे जावे आणि प्रार्थना करावी, दोन्ही करावे. लिंबू-मिरची काढून त्या जागी क्रूस टांगला आणि मनातली भीती तशीच राहिली, तर काहीच बदलले नाही. प्रार्थनेच्या नावाखाली मारहाण करणारे, तेल आणि रुमाल विकणारे, औषध बंद करायला सांगणारे यांच्यापासून दूर राहावे, मग ते स्वतःला पास्टर म्हणवत असले तरीही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा अघोरी प्रकारांना धर्म न पाहता लागू होतो, आणि तो आपल्या विश्वासाविरुद्ध नाही.

शाळेत सरस्वतीपूजन असते. मुलाने काय करावे?

मुलाला मुख्याध्यापकांशी भांडायला लावू नये. ते पालकांचे काम आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, असे संविधानाच्या अनुच्छेद २८ मध्ये आहे. वर्गशिक्षिकेला आधी भेटून नीट सांगितले, तर बहुतेक वेळा एवढ्यावरच भागते. ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत हिंदू आणि मुस्लिम मुलांनाही हाच हक्क आहे, हे आपण तितक्याच तत्परतेने मान्य करावे.

नकार दिल्यामुळे गावाने किंवा भावकीने वाळीत टाकले तर?

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा कायदा आहे. गरज पडल्यास त्याचा आधार घ्यावा. पण त्याआधी स्वतःला विचारावे की आपण नकार कसा दिला होता. पेत्र म्हणतो की आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्या, पण ते ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’ द्या (१ पेत्र ३:१५). दानीएलाने राजाचे अन्न नाकारताना कारभाऱ्याला दहा दिवसांची परीक्षा करून पाहण्याची विनंती केली. त्याने ताट लाथाडले नाही. दुसऱ्यांच्या देवांविषयी अपशब्द काढणे, मूर्तींची विटंबना करणे, जुन्या घरच्या देव्हाऱ्याची चेष्टा करणे हे कोणत्याही परिस्थितीत करू नये. आपण ज्यांच्या घरी जन्मलो त्यांनी त्या देव्हाऱ्यासमोर आपल्यासाठी नवस बोललेले असतात.

मी घाबरलो. सर्वांसमोर नकार देता आला नाही, किंवा लग्नात हुंडा घेऊन बसलो. आता काय?

घेतलेले परत करता येत असेल तर परत करावे. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाने येशूला भेटल्यावर चौपट परत करण्याचे कबूल केले होते. रक्कम मोठी असेल तर सासऱ्यांशी बोलून हप्त्यांनी द्यावी, आणि बायकोसमोर चूक कबूल करावी. आधी तिच्यासमोर, नंतर पाळकांसमोर. पूजेत हात जोडले गेले असतील, तर मंडळीतल्या एखाद्या विश्वासू माणसाला सांगावे आणि त्याच्याबरोबर प्रार्थना करावी. पुढच्या वेळी त्याला सोबत न्यावे. अंत्युखियातल्या त्या पंक्तीतून भीतीने उठलेला पेत्र तिथेच संपला नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पौलाचे नाव येते, तेव्हा त्यामागे ‘आपला प्रिय बंधू’ असे लिहिलेले आहे (२ पेत्र ३:१५). आणि हा तोच पौल होता, ज्याने त्याला सर्वांसमोर बोल लावला होता.